चुळबूळ

हॉस्पिटलातल्या व्यायामवाल्या बाईंनी सांगितलेलं काम तसं सोपं होतं. बाळाला पातळ झबलं घालून साध्या चादरीवर उताणं ठेवायचं, वरून मोबाइल लावायचा आणि तीन मिनिटं शूटिंग करायचं. बाळ जागं हवं, पोट भरलेलं हवं, रडत नको. खेळणं नको, चोखणी नको. कुणी त्याच्याशी बोलायचं नाही आणि कुणी हात लावायचा नाही. हे शेवटचं ऐकून सासूबाईंनी बाईंकडे असं पाहिलं, की तीन मिनिटं श्वास घेऊ नका असं सांगितलं असतं तर एकवेळ त्यांनी ऐकलं असतं.

जावई मात्र खूश झाला. शूटिंग म्हणजे त्याच्या घरचं काम. पेशाने तो फोटोग्राफर. एका अरुंद गल्लीत त्याचं दुकान होतं, पुढे काउंटर आणि मागे पांढरा पडदा लावलेली छोटी खोली. लग्नाबिग्नाच्या भानगडीत तो पडत नसे. ओळखपत्राचे, परवान्याचे, पासपोर्टचे फोटो काढायचा. हनुवटी थोडी खाली, खांदे सैल, बघा इकडे. एखाद्याचा चेहरा पडलेला आला तर पुन्हा काढायचा, तिसऱ्यांदा काढायचा. माणूस त्याच्या बऱ्या दिवशी जसा दिसतो तसा फोटोत दिसला पाहिजे, बाकीचे दिवस खोटे, असं त्याचं शास्त्र होतं. या शास्त्राने पुढे घात केला.

बाळं दोन होती. जुळी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी, आणि दहा आठवडे आधी आलेली. दोघांत चार मिनिटांचं अंतर, तेवढ्यावर एक थोरला झाला आणि दुसरा धाकटा. पहिले दोन महिने दोघं काचेच्या पेटीत होते. त्यांचं वयसुद्धा जन्मापासून मोजायचं नाही, जन्मायला हवे होते त्या तारखेपासून मोजायचं, असं बाईंनी सांगितलं तेव्हा सासूबाई उसळल्या होत्या. "म्हणजे ते दहा आठवडे धरायचेच नाहीत? मग तेव्हा आम्ही काय झोपा काढल्या?"

बाई हसल्या आणि मग समजावून सांगू लागल्या. "लवकर जन्मलेल्या मुलांच्या मेंदूला कधी कधी इजा झालेली असते. बाहेरून काही दिसत नाही. मग मूल वेळेवर बसत नाही, हातपाय कडक राहतात, तेव्हा लक्षात येतं. सेरेब्रल पाल्सी म्हणतात त्याला. पूर्वी हे कळेपर्यंत दीड-दोन वर्षं जायची. आता तीन-चार महिन्यांतच अंदाज येतो. या वयाचं बाळ नुसतं पडलेलं असलं तरी बारीक बारीक हलत असतं. मान, खांदे, मनगटं, घोटे, सगळीकडे, सगळ्या दिशांना. ती चुळबूळ आम्हाला बघायची आहे. दिसली की बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. नाही दिसली, तर लगेच कामाला लागायचं. या वयातला मेंदू शिकवाल ते शिकतो."

त्याची बायको हे ऐकताना पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ती तक्रारींचे फोन घ्यायची. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन संध्याकाळी हसत घरी येणारी बाई. पण बाळं आधी आली ती आपल्यामुळे, असं तिने मनात पक्कं धरलं होतं. कळा सुरू झाल्या त्याच्या आदल्या दिवशी ती स्टुलावर चढून वरच्या फडताळातले डबे काढत होती. डॉक्टरांनी दहादा सांगितलं, त्याचा संबंध नाही. ती मान हलवायची, आणि फडताळाकडे बघणं टाळायची.

व्हिडिओ त्या हिशेबाने चौदाव्या आठवड्यात काढायचा ठरला. थोरल्याचं काम एका फटक्यात झालं. दुकानातला स्टँड घरी आणला, मोबाइल आडव्या दांडीला लावला, सासूबाईंना स्वयंपाकघरात पाठवून दार ओढून घेतलं. पठ्ठ्या तीन मिनिटं वळवळत राहिला. मनगटं फिरताहेत, अंगठे वाकताहेत, मान इकडे, टाच तिकडे. आतून सासूबाईंनी तीनदा विचारलं, "झालं का हो?"

मग धाकटा. धाकटा चादरीवर पडला आणि छताकडे बघत राहिला. मध्येच दोन्ही हात एकदम वर गेले, सावकाश खाली आले. पाय ताठ झाले, सैल पडले. मग काही नाही. तीन मिनिटं संपली. बापाने क्लिप पाहिली आणि म्हणाला, "मूड नाही साहेबांचा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली. खिडकीचा पडदा सरकवून, उजेड चांगला घेऊन. त्याच संध्याकाळी दूध पाजून झाल्यावर एक, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीनंतर दोन. पाच क्लिपा झाल्या आणि पाचही सारख्याच. व्हिडिओ पाठवायच्या हॉस्पिटलच्या अॅपवर दोन पानं होती, बाळ एक आणि बाळ दोन. पहिल्यावर खूण पडली होती आणि दुसरं पान रोज आठवण करून देत होतं, शेवटची तारीख रविवार.

रविवारी बायको मैत्रिणीकडे गेली होती, किती महिन्यांनी एकटी बाहेर पडली होती. सासूबाई धाकट्याला मांडीवर घेऊन डुलक्या घेत होत्या. थोरला जागा होता. बापाने त्याला धाकट्याचं पिवळं झबलं घातलं, दुसरी चादर अंथरली, आणि तीन मिनिटं शूट करून ते बाळ दोनच्या पानावर पाठवून दिलं.

आपण काही वाईट करतोय असं त्याला त्या क्षणी वाटलं नाही, हे खरं आहे आणि हेच फार वाईट आहे. त्याला वाटलं, धाकट्याचा चांगला फोटो काही केल्या येत नाहीये, तर तो आला असता तसा पाठवू. दोघं दिसायला सारखे, मग आतूनही सारखेच असणार. ज्या हाताने हजार लोकांचे चेहरे सावरले त्याच हाताने पोटच्या पोराचा चेहरा सावरला. कसला चेहरा? तिथे चेहरा मागितला होता कुणी?

आठवड्याने रिपोर्ट आला. दोन्ही बाळांच्या हालचाली वयाप्रमाणे, दोन्ही पानांवर हिरवी खूण. बायकोने तो उभ्याउभ्या वाचला, मग जमिनीवर बसून वाचला, आणि मग ओंजळीत तोंड घालून अशी रडली की सासूबाई धावत आल्या. त्या दिवशी ती पोटभर जेवली. जेवता जेवता बहिणीला, जावेला, ऑफिसातल्या सगळ्यांना तिने तो रिपोर्ट पाठवला. दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन स्वतः फडताळ आवरलं. ते बघायला तो थांबला नाही. आदल्या रात्री त्याला झोप लागली नव्हती आणि का लागली नाही हे त्याला नीट माहीत होतं.

आता तो अडकला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगावं तर बायको पुन्हा त्या गर्तेत जाणार, आणि या वेळी ढकलणारा नवरा. न सांगावं तर तिकडे दिवस चाललेत. आपल्याला काय कळतं, आपण काय डॉक्टर आहोत, पोरगा शांत स्वभावाचा असेल, असं तो स्वतःला बजावायचा. मग दुकानात गिऱ्हाईक नसताना मागच्या खोलीत पडद्यापुढच्या स्टुलावर बसून त्या पाच क्लिपा आणि थोरल्याची क्लिप बघायचा. आधी धाकट्याची, मग थोरल्याची, पुन्हा धाकट्याची. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याचा डोळा तयार झाला. नको तिथे तयार झाला. आता त्याला कुठलंही बाळ दिसलं की त्याची मनगटं दिसायची. शेजारणीचं, बसमधलं, औषधाच्या दुकानातल्या पोस्टरवरचंसुद्धा.

घरात तर वेगळंच चाललं होतं. हिरव्या खुणेमुळे सगळ्यांच्या जिभा सैल सुटल्या होत्या. धाकटा हलत नाही ही आता काळजी राहिली नव्हती, गंमत झाली होती. "आमचे साहेब," सासूबाई म्हणायच्या, "सगळं हातात आणून द्या. भाऊ बघा कसा राबतोय." बायको त्याची मूठ उघडायला जायची, ती उघडायची नाही, आणि ती हसून त्याच्या गालाला नाक लावायची. "आळशी! एक नंबरचा आळशी आहेस तू. दादा बघ, दादा खुळखुळा धरायला लागला. तुला लाज नाही वाटत?" बाप भिंतीला टेकून उभा असायचा. एकदा तो म्हणाला, "त्याला आळशी म्हणू नकोस." तिने वर बघून डोळे मिचकावले. "बघा, लागलं बापाला!"

एका सकाळी भांडी विसळताना त्याने ठरवलंच. नळ बंद केला, हात पुसले. "ऐक ना, तो व्हिडिओ..."

"अरे हो," ती म्हणाली, "तुला सांगायचंच राहिलं. परवा मी फडताळातून बरणी काढली आणि काढून झाल्यावर लक्षात आलं, की मला काहीच आठवलं नाही. काही म्हणजे काहीच नाही." आणि ती इतकी मोकळी हसली, की त्याने नळ पुन्हा सुरू केला. "काय म्हणत होतास?" "काही नाही. मोबाइलची जागा भरलीये, जुने व्हिडिओ काढायला हवेत."

खाई त्याला खवखवे. शेवटी त्याने दुकानातून बाईंना फोन केला आणि एका मित्राची गोष्ट सांगितली. मित्राचं बाळ असंच लवकर आलेलं, पण व्हिडिओ काढायचा राहून गेला, तर काय होईल?

"विसावा आठवडा उलटला की ही चुळबूळ शोधण्यात अर्थ नाही," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या मोठ्या हालचाली सुरू होतात. बाकीच्या तपासण्या आहेत, पण त्या कधी करणार? कुणाला शंका आली तर. त्यांना म्हणावं, थांबू नका. नाहीतर मूल बसतं का, उभं राहतं का, अशी वाट बघत वर्ष जातं. आणि तेच वर्ष कामाचं असतं."

"आणि रिपोर्ट चांगला आला असेल तर?"

"चांगला आला असेल तर प्रश्नच नाही. मग कोण कशाला शंका घेईल?"

त्याने फोन ठेवला. काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ परवान्यासाठी फोटो काढायला आले होते. त्याने त्यांना आत नेलं, हनुवटी खाली घ्यायला सांगितली, आणि फोटो काढायचं विसरून तसाच कॅमेऱ्यामागे उभा राहिला. "अहो, मान दुखायला लागली माझी," म्हातारे म्हणाले.

पुढल्याच आठवड्यात बाईंचा फोन आला, त्याला नाही, बायकोला. ती फोनवर बोलताना लाजत होती. ठेवल्यावर तिने धाकट्याला उचलून वर धरलं. "साहेब, तुमचा सत्कार आहे! आई, ऐकलंस का? आपल्या आळश्याचा व्हिडिओ त्यांना शिकवायला हवाय. नवीन लोकांना दाखवणार म्हणे, चुळबूळ कशी असते ते. इतका चांगला व्हिडिओ क्वचित येतो म्हणाल्या. गुरुवारी आपल्या दोघांच्या सह्या हव्यात." मग नवऱ्याकडे वळली. "पाच-पाच वेळा काढत होतास ना? चीज झालं बघ." त्याने हसायचा प्रयत्न केला.

गुरुवारी सकाळी ते निघाले. बसमध्ये, हॉस्पिटलच्या दारात, लिफ्टमध्ये, प्रत्येक ठिकाणी तो मनात म्हणाला, आता सांगू. लिफ्टमध्ये दोन नर्स होत्या. कॉरिडॉरमध्ये बायको पुढे चालत होती. त्याने हाक मारली, ती वळली, तिने त्या दिवशी ठेवणीतला निळा ड्रेस घातला होता. "काय रे?" "काही नाही, पिशवी दे इकडे."

व्यायामाची खोली लहान होती. भिंतीला मोठा आरसा, खाली जाड चटई, कोपऱ्यात रबरी चेंडू, टेबलावर कॉम्प्युटर. बाईंनी दोघांना खुर्च्या दिल्या. थोरला आईच्या मांडीवर राहिला आणि धाकट्याला बाईंनी चटईवर उताणं ठेवलं. तो जागा होता, पोट भरलेलं होतं, रडत नव्हता.

"हे बघा तुमचं बाळ," म्हणत बाईंनी स्क्रीन वळवली. पिवळं झबलं, निळी चादर. "मनगट बघा आता. बघितलंत? आणि हा घोटा. मी लोकांना सांगते, डोळे ताणायचे नाहीत, ही चुळबूळ आपोआप दिसते." बायको पुढे वाकून बघत होती. तिने फॉर्मवर भराभर सही केली आणि पेन त्याच्याकडे दिलं. वर छापलेलं होतं, बाळ दोन.

पेन हातात धरून तो चटईकडे बघत होता. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की बाईही चटईकडे बघताहेत. बोलता बोलता त्यांचा आवाज मंद झाला होता. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा चटईकडे, पुन्हा स्क्रीनकडे. कपाळावर एक आठी आली.

"तो थोरला आहे," तो म्हणाला. "दोन्ही व्हिडिओंत थोरलाच आहे. याचा मी पाठवलाच नाही. याचे पाच काढले होते, ते माझ्याकडे आहेत. त्यात हा हलत नाही."

बाईंना कळायच्या आधी आपण बोललो, की त्यांना कळतंय म्हणून बोललो? हा प्रश्न त्याने पुढे स्वतःला कितीदा विचारला असेल, पण उत्तर कधी एक आलं नाही.

स्क्रीनवर थोरला वळवळत होता. बाईंनी तो बंद केला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी त्याचा मोबाइल मागितला, पाचपैकी दोन क्लिपा शेवटपर्यंत पाहिल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट ठेवून आठवडे मोजले. "एकोणीस आठवडे आणि दोन दिवस," त्या म्हणाल्या. "अजून बघता येईल." मग चटईवर बसून त्यांनी धाकट्याला पाहिलं, आधी तीन मिनिटं नुसतं पाहिलं, मग हात लावून. डोकं वळवलं, हात धरून हलकेच उठवलं, मांड्या बाजूला केल्या, मुठीत बोट घातलं.

"मी आज नाव देणार नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "डॉक्टर बघतील, मेंदूचा एमआरआय होईल. पण धोका मोठा आहे, ते मी लपवणार नाही. नावाची वाट बघत बसायचं नाही. आजपासून सुरू करू."

बायको इतका वेळ नवऱ्याकडे बघत नव्हती. आताही बघितलं नाही. तिने विचारलं, "रिपोर्ट येऊन किती दिवस झाले?"

"चार आठवडे," तो म्हणाला.

"चार आठवडे मी ह्याला आळशी म्हणतेय."

तिने थोरल्याला बाईंच्या हातात दिलं. निळ्या ड्रेसची पर्वा न करता ती चटईवर पसरली, धाकट्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "चुकलं रे माझं. चुकलं माझं, सोन्या. तुला येत नव्हतं, आणि मी..." पुढचं तिच्याने बोलवेना. चूक कुणाची, आणि माफी मागतंय कोण! ती स्टुलाच्या वेळीही अशीच, न केलेल्या गोष्टीसाठी स्वतःला खात होती, आणि आता त्याने तिला दुसरी आयती दिली होती. त्याला वाटलं, तिने उठून एक थोबाडीत मारावी. ती त्याच्याकडे पाठ करून पडून राहिली.

काही वेळाने बाई म्हणाल्या, "घरी दिवसातून पाच-सहा वेळा करावं लागेल. कोण करेल ते ठरवा, मी त्याला शिकवते."

"हा करेल," चटईवरूनच ती म्हणाली.

तो हात धुऊन आला आणि गुडघ्यांवर बसला. थोरल्याला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंनी त्याचा अंगठा धाकट्याच्या मुठीत, करंगळीच्या बाजूने, हळूहळू सरकवून दिला. ओढायचं नाही, नुसतं आत ठेवायचं, आपला चेहरा त्याला दिसेल असा समोर धरायचा आणि मूठ सैल होईपर्यंत थांबायचं. "पाच मिनिटं. रडला तरी घाबरू नका. मध्येच सोडू नका."

धाकटा रडला नाही. त्याने समोरच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं, ओळखलं, आणि तोंडभर हसला. बापाला ते हसू सोसेना. त्याला मान फिरवायची होती, उठून त्या खोलीतून चालतं व्हायचं होतं. पण अंगठा मुठीत होता, आणि अजून चार मिनिटं बाकी होती.